खड्ड्यात उभी असलेली सून

माझ्या लग्नात नवरदेवाने कशासाठी रुसायचं, हे लग्नाच्या कितीतरी आधी ठरलं होतं. मानपानाचं बोलणं संपलं, सुपारी फुटली, आणि मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी मांडी बदलून हा विषय काढला. मी भिंतीआड सुताच्या कांड्या भरत होते. कानाला काय कुलूप असतं?

"आमचा पोट्टा घड्याळासाठी रुसन," तिकडून आवाज आला.

"घड्याळ कायले?" माझे वडील म्हणाले. "त्याले कोणती गाडी पकडायची हाये? सायकलीसाठी रुसू द्या."

सायकल आमच्या ओळखीच्या एकाकडे धूळ खात पडली होती, म्हणून वडिलांचा हा उदारपणा. बरीच घासाघीस झाली आणि सायकलीवर ठरलं. आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. लग्नाच्या पंगतीत जावई पानाला हात लावत नाही, तोंड फिरवून बसतो. मग सासऱ्याने तीनदा विचारायचं, "जवाईबापू, काय पाहिजे?" दोनदा त्याने गप्प राहायचं, तिसऱ्यांदा सांगायचं. चारचौघांत सांगितलेलं मग द्यावंच लागतं, नाहीतर नाक कापलं जातं. आणि नाक कोणालाच कापून घ्यायचं नसतं, म्हणून रुसण्याआधी दोन्हीकडची माणसं बसून रुसणं ठरवून घेतात. मला तेव्हाही हे खुळ्यासारखं वाटलं होतं आणि आजही वाटतं.

स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. नागपूर अजून मध्यप्रदेशाची राजधानी होतं. आम्ही पाचपावलीच्या अंगाला राहायचो. गल्लीत सगळे विणकर. सकाळी सकाळी अख्ख्या गल्लीच्या लांबीचा उभ्या सुताचा ताणा पसरून त्याला खळ लावायची, त्यामुळे शाळेत जाणाऱ्यालाही सुताखालून वाकून जावं लागायचं. कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांची. बायकांनी कांड्या भरायच्या, खळ शिजवायची. मागावर बसायचं ते पुरुषाने. माग म्हणजे आमच्याकडचा खड्ड्याचा माग. जमिनीत खड्डा खणलेला, त्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडायचे, आणि तळाशी असलेल्या पट्ट्या पायांनी दाबत आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फेकायचा.

तर मी मागावर बसायचे. सांगून टाकते एकदाचं. मला भाऊ नव्हता आणि वडिलांचा उजवा खांदा थंडी पडली की वर उचलेना. एका हिवाळ्यात त्यांनी दार लावून घेतलं आणि मला खड्ड्यात उतरवलं. "तेवढ्यापुरतं," म्हणाले. उन्हाळा आला, खांदा सुटला, तरी मी काही वर आले नाही आणि त्यांनीही मला काही वर ये म्हटलं नाही. माझ्या हाताला ते काम असं बसलं, की लुगड्याची किनार मी डोळे मिटून सरळ नेत असे. मला ते आवडायचं. का आवडायचं असं विचाराल तर सांगता येणार नाही. धोटा गेला, फणी आपटली, एक धागा वाढला. दिवसभरात एवढं एकच काम होतं, ज्यात माझ्यामागे कोणी "असं नको, तसं कर" म्हणत नव्हतं.

पण पोरीला मागावर बसवली हे बाहेर कळलं असतं, तर पोरीच्या कमाईवर बसलेला बाप म्हणून वडिलांना लोकांनी जिणं नको केलं असतं. म्हणून माय दारात बसायची. कोणी येताना दिसलं की ती खोकायची. ती खोकली की मी खड्ड्यातून वर, वडील खड्ड्यात, आणि येणाऱ्याला दिसायचं ते काय, तर बाप विणतोय, पोरगी कांड्या भरतेय, माय खोकतेय. सगळ्या गल्लीला वाटायचं बाईला दमा आहे. शेजारणी अडुळशाचा काढा आणून द्यायच्या आणि समोर बसून प्यायला लावायच्या. एकीने तर धंतोलीच्या डॉक्टरला दाखवायचं मनावर घेतलं, ओढूनच नेलं. डॉक्टरने छाती तपासली आणि काहीच नाही म्हणाला. त्यावर गल्लीत असं बोलणं झालं, की आजार डॉक्टरच्याही हाताबाहेर गेलाय.

लग्न भर उन्हाळ्यात. हळदीच्या दिवशी एका बाईने माझा अंगठा दाबून पाहिला. "पोरीचा अंगठा दगडावानी काहून झाला?" मायने पटकन सांगितलं, "दळून दळून झाला." दळताना अंगठ्याला घट्टा कुठे पडतो, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, पण लग्नघर होतं, सगळ्यांनी मान डोलावली.

सायकल शेजाऱ्याच्या पडवीत घोंगडीखाली लपवलेली. कोणाला ठाऊक नाही असं सगळ्यांना ठाऊक. न्हाणीकडे जायचा रस्ता तिथूनच, त्यामुळे जो जाईल त्याचा धक्का लागून घोंगडीखालून घंटी वाजायची, आणि वऱ्हाडी मंडळी काही ऐकलंच नाही अशा तोंडाने वारा घ्यायची.

पंगत बसली. नवरदेव माझ्या शेजारी. मुंडावळ्यांतून मी पहिल्यांदा त्याला नीट पाहिलं. गोल तोंडाचा, घामाघूम झालेला, आणि नजर सगळी पत्रावळीवर. बुंदी होती, वांग्याची भाजी होती, वडे होते. सकाळपासून त्याच्या पोटात उपासाचं काय ते गेलं असेल तेवढंच. माझे वडील हात जोडून आले. "जवाईबापू, काय पाहिजे?" तो गप्प. छान. दुसऱ्यांदा विचारलं. तो गप्प, पण गिळल्याचा आवाज मला ऐकू आला. तिसऱ्यांदा विचारलं आणि सगळी पंगत कान देऊन बसली.

"आधी जेवू द्या ना," तो म्हणाला.

अन् घास उचलला की हो त्याने!

काय गहजब झाला म्हणून सांगू. त्याच्या बापाने, म्हणजे माझ्या सासऱ्याने, धावत येऊन त्याचा हात मनगटाजवळ धरला. "अरे, रुस! रुस म्हटलं ना तुले!" इकडे माझे वडील हवालदिल, कारण जावयाने मागितलंच नाही तर सायकल द्यायची कोणत्या तोंडाने? आणि दिली नाही तर ठरलेलं मोडलं म्हणून बोलणी खायची. पडवीतून सायकल अर्धी बाहेर आलेली, ती परत आत ढकलली. घंटी वाजली. शेवटी थोरांनी निवाडा केला, की हे रुसणं धरायचं नाही. त्याच्या हातातला घास परत ठेववला, तोंड पुसवलं, मान धरून भिंतीकडे फिरवली आणि रुसणं पहिल्यापासून सुरू झालं. तिसऱ्या वेळी त्याने "सायकल" म्हटलं ते इतक्या रडवेल्या आवाजात, की बायकांनी डोळ्यांना पदर लावला. फार मनापासून रुसला म्हणाल्या.

मी मुंडावळ्यांच्या आड हसले. मग एकदम माझा संतापच झाला. या माणसाला जे नको आहे ते मागायला मान धरून बसवतात, तीन तीनदा विचारतात, हात जोडतात. त्याला तर सायकल चालवताही येत नव्हती! आणि मला एक गोष्ट हवी होती, एकच, ती मला कोणी एकदाही विचारली नाही. विचारायची रीतच नव्हती.

निघताना वडिलांनी मला जवळ घेतलं. डोक्यावर हात ठेवून, कोणी ऐकू नये असं म्हणाले, "पोरी, तिकडे धोट्याले हात लावू नको. कांड्या भर. हात विसरून जा." मी रडले ती माहेर सुटलं म्हणून असं लोकांना वाटलं. वाटू दे. मी हातांसाठी रडले.

सासर महालाकडच्या एका बोळात. घरात माणसं तीन. सासरे, ते मोठे नावाजलेले विणकर, पण आता डोळ्यांना बारीक सूत दिसत नव्हतं. त्यांची विधवा बहीण, आत्याबाई, जिला रीतभात कोळून पाजलेली होती. बोळात कोणाकडे काही अडलं की तिला विचारायला यायचे. आणि माझा नवरा. सासू नव्हती.

नियम आत्याबाईने पहिल्या दिवशी सांगितले. सासरे समोर आले की पदर पुढे ओढून उभं राहायचं. ते जाईपर्यंत किंवा "बस" म्हणेपर्यंत उभंच. त्यांच्याशी बोलायचं नाही. मी मान डोलावली आणि कांड्या भरायला बसले.

नवरा मागावर बसायचा. देवा! तो आवाज मी कसा सोसला ते मलाच ठाऊक. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग ठकठक. मग धागा तुटायचा आणि तो "अरे बाप्पा" म्हणायचा. बिचाऱ्याचं मन नव्हतं त्यात. लहानपणापासून बापाने टपल्या मारून बसवलं म्हणून बसायचा. माणूस मनाचा चांगला, मला कधी वाईट बोलला नाही, पण किनार अशी वाकडी न्यायचा की लुगडं नेसलेली बाई तिरपी चालतेय असं वाटावं. सासरे बाहेर ओट्यावर बसून ऐकायचे आणि प्रत्येक चुकीला तंबाखू थुंकायचे. दिवसभरात ओट्यासमोरची भिंत लाल व्हायची. आणि मी आत कांड्या भरता भरता दात आवळायचे. रात्री जेवताना माझी मांडी आपोआप हलायची, पट्टी दाबल्यासारखी. आत्याबाई म्हणायची, "सुनबाईले वात हाये."

एक दिवस सासरे सूत आणायला इतवारीच्या बाजारात गेले. नवरा सायकल घेऊन बाहेर गेला. घेऊन म्हणजे हातात धरून. त्याला चढता येत नव्हतं, पण माझ्या वडिलांनी दिलेली सायकल घरी ठेवून पायी गेला तर माझ्या माहेरचा अपमान, म्हणून तो जिथे जाईल तिथे सायकल ढकलत न्यायचा. आत्याबाई निजलेली. माग समोर मोकळा होता.

एकच धोटा टाकते म्हटलं. उतरले. पट्ट्यांना पाय लागले आणि मला रडू फुटलं, खरं सांगते. एक टाकला, मग दुसरा, मग मोजायचं कुठलं? हात काही विसरले नव्हते. सासरे परत आले ते मला कळलंच नाही. सुताची पुडकी काखेत धरून दारात उभे.

मी उठायला हवं होतं. पण खड्ड्यातून उठायचं म्हणजे काय पाटावरून उठणं असतं? नऊवारी सावरायची, पाय एकेक करून वर घ्यायचा, वळायचं. तेवढा वेळ सासऱ्यासमोर बसलेलं राहणं हाच गुन्हा. आणि मग माझ्या मनात आलं, आज उठले तर पुन्हा कधी उतरणार नाही. तेव्हा मी पदर पुढे ओढला आणि त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

"मी रुसले," म्हटलं.

सासऱ्यांनी तत्काळ पाठ फिरवली. सून समोर बसलेली आहे हे त्यांनी पाहिलं असतं तर ते घडलं असतं. पाहिलंच नाही म्हणजे अजून घडायचं होतं. ते बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, "अवं, ऊठ वं! ही रुसली म्हणते!"

आत्याबाई धडपडत आली. माझ्याकडे पाहून तिने कपाळाला हात लावला. "सून रुसत नसते. जवाई रुसते."

"मी रुसले," मी पुन्हा म्हटलं. दुसरं काही सुचत नव्हतं.

आता घराची काय अवस्था झाली पाहा. मी बसलेली, म्हणून सासऱ्यांना त्या खोलीत येता येईना. खोलीतूनच स्वयंपाकघराचा रस्ता, म्हणून त्यांना पाणी मिळेना, आणि नेऊन द्यावं हे या गोंधळात आत्याबाईला सुचेना. नवरा परत आला, त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "रुसली तं विचारा ना काय पाहिजे." तो एवढा सरळ माणूस. आत्याबाई त्याच्यावर धावून गेली, पण मग तीच विचारात पडली. बोळातल्या बायका दारापाशी जमल्या होत्या. रुसवा काढल्याशिवाय ठेवला तर घराची शोभा, आणि काढावा तर सुनेचा रुसवा काढायची रीत तिला ठाऊक नव्हती. उभ्या जन्मात तिला ठाऊक नसलेली ती पहिली रीत असावी. शेवटी तिने जावयाचीच रीत लावली. गूळ आणला, पाण्याचा तांब्या आणला, आणि हात न जोडता, कारण सुनेला हात कसे जोडायचे, विचारलं, "काय पाहिजे, सुनबाई?"

मी दोनदा गप्प राहिले. रीत म्हणजे रीत.

तिसऱ्यांदा म्हटलं, "मले इथं बसू द्या."

"बसलीच तं हायेस!" आत्याबाई किंचाळली. "अखीन काय बसायचं?"

"रोज," मी म्हटलं.

बायकांमध्ये कुजबुज झाली. सासऱ्यांनी बाहेरून मुलाला हुकूम सोडला, की हिच्या बापाला घेऊन ये. तो सायकल ढकलत पाचपावलीला गेला आणि सायकल ढकलत परत आला, बरोबर माझे वडील. भर दुपार. वडील उन्हाने लाल झालेले, पण लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणून पाणी घेईनात. तेही ओट्यावर सासऱ्यांच्या शेजारी बसले. एकजण रीतीमुळे तहानलेला आणि दुसरा माझ्यामुळे. दोघेही भिंतीकडे तोंड करून.

"तुमच्या पोरीले हे कोणं शिकवलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"कोणं नाई," वडील म्हणाले. "कांड्या भरते ती. एवढंच येते तिले."

मला आतून ऐकू आलं. मला त्यांचा राग आला नाही. मी धोटा उचलला. एवढं सगळं झालंच आहे तर किनार तरी पुरी करू म्हटलं. बाहेर दोघे म्हातारे ऐकत होते. दिसत नव्हतं, पण नवऱ्याने मला नंतर सांगितलं. माझ्या वडिलांचा तो दुखरा खांदा आपोआप हलायला लागला आणि बोटं मांडीवर फणीच्या ठेक्यात पडायला लागली. सासऱ्यांनी ते पाहिलं. त्यांनी तंबाखू थुंकली नाही. मग वडील म्हणाले, "मी शिकवलं. मीच बसवलं तिले. तुमच्यापासून लपवलं."

सासरे म्हणाले, "हात चांगला हाये." मग लगेच म्हणाले, "पण मी खोलीत गेलो तं ती उठणार कशी?"

सगळं त्याच्यावर येऊन अडलं. सुनेने विणावं की नाही यावर कोणी भांडलं असतं तर मी भांडले असते. भांडण झालंच नाही! सासरा आला की सून उभी पाहिजे, आणि खड्ड्यात बसलेली सून उभी राहू शकत नाही. एवढ्यासाठी माझा जन्म जाणार होता.

मग आत्याबाईने दिवा लावला. भर दुपारी दिवा घेऊन ती खड्ड्याच्या काठाशी ओणवी झाली आणि आत वाकून पाहायला लागली. माझे पाय पाहिले, पट्ट्या पाहिल्या, तळ पाहिला. कमरेवर हात ठेवून उठली आणि दाराकडे जाऊन बोळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पाय तळाले टेकले हाये. ज्याचे पाय टेकले तो उभा. ही उभीच हाये."

"पण ती बसली हाये ना वं!" सासरे बाहेरून म्हणाले.

"विहिरीत उतरलेला माणूस कमरेपासून वर दिसते म्हणून काय बसला असते का?"

"अवं, पण काठावर टेकली हाये ना ती!"

"कुठं टेकली? काय टेकलं?" आत्याबाईचा आवाज चढला. "सुनेचं तिथं पाहायचं असते का? लाज नाही वाटत?"

 बोळातल्या बायकांनी माना डोलावल्या. निवाडा झाला, मी उभी ठरले. माझे वडील तहानेने कोरडे पडले होते, पण उठताना त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि हसले. जाताना वाटेत शेजाऱ्याकडे दोन तांबे पाणी प्याले म्हणे.

त्या दिवसापासून मी उभ्याने विणायला लागले. सासरे खोलीत आले की पदर पुढे ओढायचा, आणि ते म्हणायचे, "बस, बस." उभ्या सुनेला बस म्हणायला पाहिजेच ना. मी जशीच्या तशी. काहीच हलायचं नाही. पण ते दिवसातून जितक्यांदा यायचे तितक्यांदा हे व्हायचंच.

अट एक होती. बोळात कळलं ते कळलं, पण बोळाच्या बाहेर गेलं तर खैर नाही. सुनेला मागावर बसवली म्हणून बाजारात हसं. बाहेरचं कोणी आलं की मी वर, नवरा खाली. आणि येणाऱ्याची खबर द्यायला दारात कोण बसलं? आत्याबाई. आणि तिने खबर कशी द्यायची ठरवलं? खोकून. मी तिला सुचवलं नव्हतं, शपथेवर सांगते. महिनाभरात बोळाबाहेर बोलणं झालं, की सुनेच्या माहेरचा दमा इकडे आला. मला पुन्हा अडुळशाचा वास यायला लागला.

दोनेक वर्षं अशी गेली. आमच्या घरच्या लुगड्यांचं इतवारीत नाव झालं. नाव माझ्या नवऱ्याचं. आमची लुगडी घेणाऱ्या पेढीवाल्या शेटजींनी त्याला एकदा बाजारात पाठीवर थाप मारली, "हात बदलला गा तुहा!" तो घरी आला तो तोंड पाडून. जेवलाही नाही, आणि तो न जेवणं म्हणजे काय हे तुम्हाला पंगतीवरून ठाऊक आहेच. "लोक माह्या हाताले चांगलं म्हणून राहिले," तो म्हणाला, "मले चोरी केल्यावानी वाटते." मी म्हटलं, असू दे, मला बसायला मिळतंय ना. असं म्हटलं खरं, पण मला ते लागत होतं. हात मिळाले होते, पण ते दुसऱ्याच्या नावाने चालत होते.

मग एके सकाळी शेटजी स्वतःच आले. आत्याबाई एवढी खोकली की शेटजी घाबरले. मी वर, नवरा खड्ड्यात. शेटजी आत आले. मागावर माझं अर्धं लुगडं चढलेलं होतं, किनारीत बारीक नागमोड घातलेली. सासरे खाटेवर बसलेले. मी दाराआड कांड्या घेऊन.

"वा!" शेटजी किनारीवर बोट फिरवत म्हणाले. "दोन धोटे टाकून दाखव गा. पाहू दे तं ही नागमोड कशी वळवतं."

नवऱ्याने धोटा हातात घेतला. मी डोळे मिटले. एक धोटा चुकीचा पडला असता तर ती किनार गेली असती, आणि त्याचं अन् घराचं नाव तिच्यासोबत. त्याने किनारीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने धोटा खाली ठेवला, हाताची घडी घातली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काय झालं?" शेटजी म्हणाले.

"मी रुसलो," तो म्हणाला.

"आपल्याच घरी? कोणावर?"

 आत्याबाईचं काय, रुसला म्हटलं की तिची जीभ आपोआप सुटायची. "काय पाहिजे रे?" ती म्हणाली. तो गप्प. "काय पाहिजे?" पुन्हा गप्प. आता तो रुसायला शिकला होता. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज कापला, कारण बाहेरच्या माणसासमोर मागितलेलं द्यावं लागतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

"हे मी नाई विणलं," तो भिंतीला म्हणाला. "जिनं विणलं तिले बोलवा. एवढंच पाहिजे."

 शेटजी हसायच्या बेतात होते, पण सासऱ्यांचं तोंड पाहून थांबले. नवरा खड्ड्यातून वर आला, धडपडत, नेहमीसारखा. मी दाराआडून निघाले.  पदर इतका पुढे ओढला होता की माग दिसत नव्हता. अंदाजाने उतरले. परक्या माणसासमोर आता घराची अब्रू काय ती सासऱ्यांच्या एका शब्दावर होती.

"बस, पोरी, बस," सासरे म्हणाले. रोज म्हणायचे तसंच, पण मोठ्याने.

मी विणलं. नागमोड वळवली, सरळ केली, पुन्हा वळवली. पदरातून जेवढं दिसेल तेवढ्यात.  जाताना शेटजी नवऱ्याला म्हणाले, "दुसरं लुगडं ती केव्हा देते गा?" मला विचारायचं होतं ते, पण विचारलं त्याला. तरी "ती" म्हणाले, "तू" नाही.

ते गेल्यावर मी पाय वर घेतले, वळले आणि खोलीत उभी राहिले, खरोखरची उभी. आणि खाटेवर बसलेले सासरे उठले. माझ्यासमोर. आत्याबाईने तोंडाला पदर लावला. सासरे म्हणाले, "तंबाखू थुंकायले उठलो." पण तोंडात तंबाखू नव्हती, कारण चंचीची गाठ अजून तशीच होती. आणि ते बाहेरही गेले नाहीत. नुसते उभे राहिले, कुठे पाहावं ते न कळून.

मला हसू येत होतं आणि डोळे भरून आले होते. दोघंही उभी, आणि उभ्या माणसाला काय म्हणायचं हे त्या घरात ठरलेलं होतं.

"बसा, मामाजी," मी म्हटलं.

अन् ते बसले.